इंद्राला नवस का नाही?

देवावर माणसाचा विश्वास कसा बसतो, हे तपासायला आपल्याकडे एक चांगली कसोटी आहे. ती म्हणजे इंद्र. इंद्र ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. ऐरावत, वज्र, अहल्येची कथा, कुणी तपाला बसलं की डळमळणारं सिंहासन, हे सगळं शाळकरी वयातच कानावर पडलेलं असतं. ऋग्वेदातली जवळपास चौथा हिस्सा सूक्तं त्याला उद्देशून आहेत, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या बळावर त्याच्याइतका दावा फार थोड्या देवांना करता येईल. पाऊस तर थेट त्याच्याच अखत्यारीतला. तरीही मृग कोरडा गेला की गावं महादेवाची पिंड पाण्यात बुडवून ठेवतात, पोरं ‘धोंडी’ मागत दारोदार फिरतात, ग्रामदैवताला कौल लावला जातो. एखाद्या पर्जन्ययागात वरुणाबरोबर इंद्राच्या नावाने आहुती पडते, तेवढंच. ‘पोराला नोकरी लागू दे, तुझ्या पायऱ्या चढून येईन’ असं इंद्राला कुणी म्हणत नाही. गंमत अशी की इंद्र नाही, असं कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही. त्याच्याविरुद्ध कुठली चळवळ झाली नाही. तो कथेत राहिला आणि देव्हाऱ्यातून गेला. श्रद्धेच्या उगमाबद्दल कोणताही सिद्धान्त मांडणाऱ्याने या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं: माहिती तीच, समाज तोच, मग खंडोबावर विश्वास बसतो आणि इंद्रावर का बसत नाही?

सगळ्यात जुनं आणि अजून चलनात असलेलं उत्तर भीतीचं आहे. डेव्हिड ह्यूमने 1757 साली ‘धर्माचा नैसर्गिक इतिहास’ लिहिला. त्याचं म्हणणं असं की माणूस देवाकडे वळला तो सृष्टीतली सुसंगती पाहून नव्हे, तर उद्याच्या काळजीने, आजारपणाच्या, उपासमारीच्या आणि मरणाच्या धास्तीने. या म्हणण्याला विसाव्या शतकात चांगला पुरावा मिळाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात मॅलिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. तिथले लोक उथळ, शांत खाडीत मासे पकडायला जाताना मंत्रतंत्र करत नसत. खुल्या समुद्रात, जिथे मासळीची खात्री नाही आणि जिवाचीही नाही, तिथे जाताना मात्र विधींची रीघ लागे. अगदी अलीकडचा दाखला न्यूझीलंडचा आहे. तिथे एकाच गटातल्या लोकांची वर्षानुवर्षं पाहणी करणारा एक प्रकल्प चालतो. 2009च्या आणि 2011च्या फेऱ्यांच्या दरम्यान, म्हणजे फेब्रुवारी 2011मध्ये, क्राइस्टचर्चला विनाशकारी भूकंप झाला. देशात एकूण धार्मिकता घटत असताना भूकंपाची झळ बसलेल्यांमध्ये ती वाढलेली आढळली. आणि विधीने मन खरंच थाऱ्यावर येतं का, याचं उत्तर एका मराठी समाजानेच दिलं आहे. कोकणातून एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्यांच्या वंशजांमध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग झाला. 75 जणांना आधी भाषणाची तयारी करायला लावून मुद्दाम तणावात टाकलं. मग काहींना देवळात नेहमीची पूजा करायला सांगितलं, बाकीच्यांना नुसतं शांत बसायला. पूजा करणाऱ्यांचा तणाव जास्त उतरला. त्यांनी स्वतः तसं सांगितलं आणि हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदींनीही तेच दाखवलं.

एवढं असूनही भीतीचं उत्तर अर्धवटच आहे. भीती माणसाला कुणाच्या तरी पायाशी नेते, पण कुणाच्या, ते ती सांगत नाही. भूकंपाची झळ बसलेला न्यूझीलंडचा माणूस चर्चकडे वळला, मरीआईकडे नव्हे. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. भीतीने देव जन्मत असतील तर भीती सरल्यावर ते मरायला हवेत. देवीच्या रोगाचा भारतातला शेवटचा स्थानिक रुग्ण मे 1975मध्ये सापडला, 1977 साली देश रोगमुक्त जाहीर झाला. शीतलादेवीची देवळं मात्र ओस पडली नाहीत. पटकीची साथ गावोगाव फिरायची थांबून पिढ्या लोटल्या, तरी मरीआईचा गाडा अनेक गावांच्या शिवेवरून अजून हलतो. ज्या कामासाठी या देवता नेमल्या गेल्या, असं आपण समजतो, ते काम संपल्यावरही त्यांना निवृत्ती मिळाली नाही. विश्वास बसण्याची कारणं आणि तो टिकण्याची कारणं वेगळी असू शकतात, हे भीतीवादी मंडळी सहसा लक्षात घेत नाहीत. आपल्याकडच्या सुधारकांच्या लेखनातही हे दिसतं. ज्ञान वाढलं की देव मागे हटतील, हा एकोणिसाव्या शतकातला हिशेब त्यांनी जरा लवकर मांडला होता.

दुसरं उत्तर माणसाच्या मेंदूच्या घडणीत शोधलं जातं, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्यावर पुष्कळ काम झालं आहे. 1944 साली हायडर आणि झिमेल यांनी काही लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली. तीत दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकट. त्यांतल्या आकृत्या इकडेतिकडे सरकतात, इतकंच. काय दिसलं, असं विचारल्यावर 34 जणांपैकी फक्त एकाने भूमितीच्या भाषेत उत्तर दिलं. बाकीच्यांना कुणी दांडगट, कुणी घाबरलेलं, कुणाची सुटका, कुणाचा पाठलाग दिसला. हलणाऱ्या गोष्टीमागे हेतू पाहायची ही सवय आपल्यात इतकी मुरलेली आहे. स्ट्युअर्ट गथ्री यांनी 1993च्या आपल्या पुस्तकात यावरूनच धर्माचा उगम सांगितला. रानात सळसळ झाली तर ती वाऱ्याची समजून गाफील राहण्यापेक्षा जनावराची समजून पळालेलं बरं. चूक झाली तरी नुकसान थोडं. अशा मनाला वीज, रोग, दुष्काळ यांच्यामागे कुणीतरी आहे, असं वाटणं स्वाभाविकच. मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांना लहान मुलांमध्येही याला जोडून असलेली एक खोड सापडली. दगड टोकदार का, तर प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून, हे उत्तर मुलांना घडणीच्या कारणापेक्षा जास्त पटतं. वस्तूला हेतू असेल तर हेतू ठेवणारा कुणी असणारच, तिथपर्यंतचं अंतर फार नाही.

हे पटण्याजोगं आहे, म्हणूनच सावधही करणारं. मार्गारेट मीड 1928-29मध्ये न्यू गिनीच्या उत्तरेकडच्या मानुस बेटवासीयांत राहिली, तेव्हा तिला उलटंच चित्र दिसलं. तिथली मोठी माणसं प्रत्येक आजारात आणि अपयशात पितरांचा हात पाहत. मुलं मात्र नाव वाहून गेली तर दोर नीट बांधला नव्हता, असं सरळ कारण देत. भुताखेतांचं स्पष्टीकरण त्यांच्या मनात आपोआप उगवत नव्हतं, ते वाढत्या वयाबरोबर शिकलं जात होतं. या क्षेत्रातले सगळेच निष्कर्ष टिकाऊ निघालेले नाहीत, हेही नोंदवायला हवं. विश्लेषक विचाराला चालना दिली की देवावरचा विश्वास घटतो, असं 2012 साली गाजावाजा करून सांगितलं गेलं. रोदँच्या ‘विचारवंत’ पुतळ्याचं नुसतं चित्र पाहूनही हा परिणाम होतो, असा दावा होता. पुढे दुसऱ्यांनी जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग केला, तेव्हा काहीच हाती लागलं नाही. मेंदूच्या घडणीचा पुरावा मी नाकारत नाही. पण तो फार तर इतकं सांगतो की अदृश्य कर्त्याची कल्पना माणसाला सहज कळते, लक्षात राहते, दुसऱ्याला सांगावीशी वाटते. इंद्राची कथाही सहज कळते आणि लक्षात राहते. आपली कोंडी जिथल्या तिथेच.

ही कोंडी फोडणारा धागा मला जोसेफ हेन्रिक यांच्या 2009च्या मांडणीत दिसतो. त्यांचा प्रश्न साधा होता. शब्द फुकट असतात, कुणीही काहीही बोलू शकतो. मग शिकणाऱ्याने कुणाच्या बोलण्यावर भरवसा ठेवावा? जो बोलतो त्याप्रमाणे पदरमोड करतो, त्याच्या. अळंबी खाण्याजोगी आहे, असं म्हणणारा स्वतः ती खातो का, हे आपण पाहतोच. देवाबद्दलही मूल हेच पाहतं. आजी संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत खरोखर उपाशी राहते. ऐन पेरणीच्या दिवसांत शेत भावाच्या हवाली करून बाप आळंदीहून पंढरपूरपर्यंत, सुमारे अडीचशे किलोमीटर, चालत जातो. कर्ज काढून घरात जागरण-गोंधळ घातला जातो. देव आहे, असं मुलाला कुणी पटवून देत नाही. तशी गरजही पडत नाही, कारण ज्यांच्या शहाणपणावर त्याचा जीव अवलंबून आहे, ती माणसं देव असल्याप्रमाणे वागताना आणि त्याची किंमत मोजताना त्याला रोज दिसतात. खंडोबासाठी ही किंमत आजही मोजली जाते. नवं जोडपं जेजुरीचा गड चढतं, तळी भरली जाते, भंडारा उधळला जातो. इंद्रासाठी कोण काय सोडतं? त्याची पूजा यज्ञाची होती, ती करायला यजमान आणि ऋत्विज लागत. ती व्यवस्था विरळ झाली आणि इंद्रासाठी झीज सोसणारं कुणी समोर दिसेनासं झालं. आपल्या पुराणांनी तर या बदलाचीच कथा करून ठेवली आहे. गोकुळातले लोक इंद्राचा उत्सव मांडतात, तेव्हा कृष्ण त्यांना सांगतो की आपलं पोट गाईंवर आणि या डोंगरावर आहे, तेव्हा पूजा गोवर्धनाची करा. इंद्राशी वाद घालून त्याला कुणी हरवत नाही. नैवेद्याचं ताट फक्त दुसरीकडे वळतं.

यावर कुणी म्हणेल, हे जुन्या देवांना लागू पडेल. ज्याच्यासाठी आजीने कधी उपास केला नाही, अशा नव्या देवावर लोक विश्वास ठेवतात, त्याचं काय? याचं उत्तर द्यायला आपल्या हयातीतलं उदाहरण आहे, संतोषी मातेचं. या नावाची देवी प्राचीन पुराणांत सापडत नाही. 1960च्या दशकात उत्तर भारतात तिच्या व्रताच्या स्वस्त पुस्तिका फिरू लागल्या. 1975 साली, ‘शोले’च्याच वर्षी, ‘जय संतोषी माँ’ हा कमी खर्चातला चित्रपट आला आणि तिकीटबारीवर त्याने मोठमोठ्यांच्या बरोबरीने गर्दी खेचली. प्रेक्षक चपला बाहेर काढून थेटरात शिरत, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळत. देवी सिनेमाने जन्माला घातली, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते उथळ वाटतं. पौराणिक चित्रपट दादासाहेब फाळक्यांपासून शेकड्यांनी निघाले, त्यांतून अशा किती देवता घराघरात पोचल्या? फरक व्रतात होता. सोळा शुक्रवार, गूळ-चण्यांचा प्रसाद, आंबट अजिबात वर्ज्य. पैशाने स्वस्त, म्हणून चाळीतल्या बाईलाही परवडणारं. नेमाने कडक, म्हणून शेजारणीच्या डोळ्यांत भरणारं. चिंच, लिंबू, दही, टोमॅटो यांना सोळा आठवड्यांत दर शुक्रवारी नकार देणारी बाई चार जणींच्या देखत साक्ष देत असते. तिचं ऐकून नव्हे, तिचं पाहून दुसरी व्रत धरते. मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं महालक्ष्मी व्रत पोथीच्या आधाराने शहरांत पसरलं, त्याची रीतही फार निराळी नव्हती.

आचार आधी, विश्वास नंतर, हा क्रम दूरच्या समाजांतही दिसला आहे. जॉन लॉफलँड आणि रॉडनी स्टार्क यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला सन म्युंग मून यांच्या कोरियन पंथाच्या अमेरिकेतल्या पहिल्या अनुयायांचा अभ्यास केला. पंथात शेवटी सामील झाले ते, ज्यांची आतल्या माणसांशी मैत्री किंवा नातं बाहेरच्यांपेक्षा घट्ट होत गेलं होतं. शिकवणीवर भाळलेले, पण कुणाशी ओळख न जुळलेले लोक आले तसे निघून गेले. विचारलं की मात्र प्रत्येक जण सांगे, मला तत्त्व पटलं. माणूस स्वतःच्या विश्वासाचा इतिहास असा मागाहून लिहितो, आणि तो प्रामाणिकपणेच लिहितो.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप श्रद्धावंतांचाच आहे: आम्हाला अनुभव आला. नवस बोललो, फळला. आजारात हाक मारली, धावून आला. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण अनुभव खोटा नसतो. प्रश्न त्याच्या अर्थाचा असतो. सिसरोने डायागोरस नावाच्या ग्रीक नास्तिकाची एक आख्यायिका दिली आहे. वादळातून वाचलेल्यांनी देवळात वाहिलेली चित्रं दाखवून मित्राने त्याला विचारलं, आता तरी देव मानतोस? डायागोरस म्हणाला, नवस बोलून बुडालेल्यांची चित्रं कुठे लावतात? नवसाच्या हिशेबाची खुबी हीच. फळलेला नवस फेडायला माणूस वाजतगाजत जातो, सगळ्या गावाला जेवू घालतो. न फळलेल्या नवसाचा जाहीर समारंभ होत नाही. म्हणजे फसलेले नवस खोटेपणाने लपवले जात नाहीत, त्यांना दिसायची वाटच नसते. शिवाय अनुभवाचं रूपही परिसराने ठरतं. देवीच्या जत्रेत अंगात येतं ते त्या देवीचंच. लूर्दला बऱ्या झालेल्या रोग्याला मेरीच दिसते, तुळजाभवानी नव्हे. आत काहीतरी विलक्षण घडतं, हे मान्य. त्याला नाव कोणतं द्यायचं, हे आधीच्या शिकवणीतून येतं.

दुसरा आक्षेप विवेकवाद्यांचा. विश्वास नुसत्या पाहण्या-वागण्याने बसत असेल, तर विचाराने देव सोडणाऱ्यांचं काय? महाराष्ट्रात याचं उदाहरण शोधत जावं लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला ती पुरी केली. मधली एकवीस वर्षं अभ्यासाची, तुलनेची, वादविवादाची होती. देव नाकारण्याचा इतका सावकाश आणि इतका विचारपूर्वक निर्णय जगात क्वचितच कुणी घेतला असेल. विचाराची ताकद मी मान्य करतोच, आणि माझ्या मांडणीला तिथे मुरड घालावी लागते. पण त्या दिवशी घडलं ते नीट पाहावं. बावीस प्रतिज्ञा केवळ मतं सांगत नाहीत. अमुक देवांना मानणार नाही यासोबत त्यांची उपासना करणार नाही, श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, असं करण्या-न करण्याचं बोलतात. आणि त्या एकट्याने खोलीत बसून नव्हे, लाखोंच्या समुदायात उभं राहून घेतल्या गेल्या. पुढे घराघरातून जुने देव हलवले गेले, वर्षानुवर्षं पाळलेल्या जत्रा सुटल्या. गावकीचा रोष पत्करूनही सोडल्या गेल्या. नेत्याचा विचार अनुयायांपर्यंत पोचला तो पदरमोडीच्या वाटेनेच.

या घटनेचा ठसा आजच्या आकड्यांतही उमटतो. प्यू संशोधन केंद्राने 2019-20मध्ये भारतातल्या जवळपास 30,000 प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. 97 टक्क्यांनी देव मानतो असं सांगितलं. बौद्धांपैकी मात्र एक तृतीयांश लोकांनी देव मानत नाही, असं उत्तर दिलं. देशातले बहुसंख्य बौद्ध महाराष्ट्रातले. हवामान तेच, दुष्काळ तोच, दवाखान्यातली रांग तीच, आणि हेतू शोधणारा मेंदूही तोच. भीती आणि मेंदू यांनीच सारं ठरत असतं, तर एकाच गावाच्या दोन वस्त्यांत हा फरक पडला नसता. अमेरिकेतही 1,400हून जास्त लोकांच्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हेच निघालं: नास्तिक कोण होणार, याचा अंदाज त्याच्या चिकित्सक बुद्धीवरून फारसा बांधता येत नाही, लहानपणी घरात धर्मासाठी झीज सोसणारी माणसं पाहिली की नाही, यावरून तो बराच चांगला बांधता येतो. हा निष्कर्ष नास्तिकांना रुचण्यासारखा नाही. आस्तिक संस्काराने आणि आपण विचाराने, ही सोयीची वाटणी त्यात टिकत नाही.

मग देव नाहीच, असं यातून ठरतं का? मुळीच नाही. एखादी समजूत आपल्यापर्यंत कुठल्या वाटेने आली, यावरून ती खरी की खोटी, हे निघत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हेही बहुतेकांनी गुरुजींवर भरवसा ठेवूनच मानलेलं असतं. फरक इतकाच की त्या भरवशाच्या टोकाला दुर्बीण आहे आणि शंका आल्यास तिथे जाता येतं. देवाच्या बाबतीत अशी दुर्बीण कोणती, यावर आस्तिकांत एकमत नाही. काही तर ती असूच नये, म्हणतात. तो वाद तत्त्वज्ञांचा आहे आणि या लेखातला पुरावा तिथे कुणाच्याच बाजूने साक्ष देत नाही. एक दावा मात्र या पुराव्याने खिळखिळा होतो: अमुकच देव सगळ्यांच्या अंतःकरणात उपजत कोरलेला आहे, हा. तसं असतं तर इंद्राची ही गत झाली नसती.

मांडणी खरी असेल तर तिला पुढे तपासताही आलं पाहिजे. युरोपच्या उत्तरेकडे, जिथे आजारपण, बेकारी, म्हातारपण यांची जबाबदारी सरकारने उचलली, तिथे चर्च ओस पडली. नॉरिस आणि इंगलहार्ट यांनी 2004 साली याचं श्रेय सुरक्षिततेला दिलं. माझ्या मते साखळीत मधली एक कडी आहे: सुरक्षित आईबापांनी आधी झीज सोसणं सोडलं, विश्वास मुलांचा गेला. आपल्याकडे या बदलाचं निराळं रूप दिसतं आहे. देवस्थानांचं दर्शन मोबाइलवर थेट मिळतं, अभिषेकाची पावती घरबसल्या फाडता येते, कुळाचार गुरुजींना पैसे पाठवून उरकतो. पुण्यातल्या किंवा न्यू जर्सीतल्या घरात कुलदैवताचा फोटो आहे, नाव मुलांना पाठ आहे, गोष्टही ठाऊक आहे. पण त्या देवापायी घरातल्या कुणी उपाशी राहिलेलं, अनवाणी चाललेलं, रात्र जागवलेली त्यांनी पाहिलेली नाही. उलट वारीत आयटीतली तरुण मंडळी रजा टाकून चालताना दिसतात, आणि तिथे अंग दुखवून घेण्याची किंमत पुन्हा मोजली जाते आहे. वरचा तर्क बरोबर असेल, तर येत्या दोन पिढ्यांत विठ्ठलाची पकड शाबूत राहील आणि ज्या कुलदैवतांचा कारभार निव्वळ पावतीवर आला आहे, त्यांची रवानगी इंद्राच्या पंगतीत होईल.